गॅसचा बंब मला समजला तेव्हा

माझं सासर शेगावचं. स्टेशनजवळ आमचं लॉज होतं. खाली आम्ही राहायचो, वर भक्तमंडळी उतरायची. महाराष्ट्र होऊन पंधराएक वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. दर्शनाआधी लोकांना आंघोळ पाहिजे आणि आंघोळीला कढत पाणी. लॉज गादीवर चालत नाही, पाण्यावर चालते, असं माझे सासरे म्हणायचे. त्यांना मी मामाजी म्हणायची. मागच्या अंगणात तांब्याचा भलामोठा बंब होता. तो पेटवायचा आणि धूर खायचा, हे काम माझ्याकडे.

आमचे हे नाशकाला कारखान्यात होते. म्हणजे लग्न झालेलं, पण नवरा सणासुदीला दिसायचा. शेजारणी म्हणायच्या, कमावता नवरा आहे, घरचं लॉज आहे, तुला कमी काय? अहो, कमी नवराच होता. पण हे कोणाला सांगणार?

त्या वर्षी पोळ्याला हे आले ते गॅसवर पाणी तापवायचं मशीन घेऊनच. अकोल्याच्या मिस्त्रीने ते अंगणातल्या भिंतीला बसवून दिलं. मामाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं की मुलानं परजातीतली बायको आणली.

"चाललं तं ठीक," ते म्हणाले, "नाई तं भंगारात देऊन टाकीन."

"चालते कसं नाई, बाबा? पण मशीन म्हटलं की त्याले पाहणारं माणूस लागते. दिवाळीलोक दोन महिने चालू द्या. मंग मी नोकरी सोडून इकडंच येतो."

मी आत भाकरी टाकत होते. तव्यावरची भाकरी करपली तरी मला वास आला नाही.

जायच्या आधी ह्यांनी मला मशीन समजावून दिलं. आत बोटाएवढी ज्योत कायम जळत राहते. पाणी थंड झालं की तिच्यावरून मोठा जाळ पेटतो, पाणी तापलं की तो आपोआप बंद होतो. किती तापवायचं ते बाहेरच्या चकतीवर ठरवायचं.

"अन् हे लहान ज्योतच इझली तं? घरभर गॅस होईन ना?" मी विचारलं.

त्यावर त्यांनी वाकून मला एक तांब्याची काडी दाखवली. तिचं टोक ज्योतीत तापत असतं. ते गरम आहे तोवरच आतली गॅसची चावी उघडी राहते. ज्योत विझली, टोक थंड पडलं, की चावी बंद. म्हणून पेटवताना काडी तापेपर्यंत बटण दाबून धरायचं. माझा अंगठा बटणावर आणि त्यांचा माझ्या अंगठ्यावर. "सोडू नको. अजून नाई," ते हळूच म्हणाले. भर दुपारी, मामाजी ओसरीवर बसलेले असताना! दिवसाउजेडी नवऱ्यानं हात धरावा, असलं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. काडी केव्हाच तापली असेल. बटण कोणीच सोडलं नाही.

ते गेले. मी रोज पहाटे उठून आधी ती ज्योत बघायची. दिवाळीपर्यंत ही जळत राहिली की माणूस घरी येतो, असा हिशेब मनाशी बांधला होता. गजानन महाराजांनाही तेच सांगत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातलं सगळं तांबं-पितळ चिंच लावून घासतात. समया, घंगाळं, जुना बंब, सगळं लख्ख केलं. मग मशीनकडे वळले. दसऱ्याला त्याचीही पूजा व्हायची होती, आणि आतली तांब्याची काडी काळी पडलेली. देवासमोर काळं तांबं कसं ठेवायचं? गॅस बंद करून तिलाही चिंच लावली आणि चांगली घासली. सोन्यासारखी झाली.

दसऱ्याच्या सकाळी ज्योत पेटेना. म्हणजे पेटायची, पण बटण सोडलं की फक्कन विझायची. वर भक्तमंडळी टॉवेल खांद्यावर टाकून उभी. मामाजींनी जुना बंब पेटवला. पाणी दिलं, आणि मग म्हणाले,

"सण झाला की भंगारवाल्याले बोलावतो."

मशीन गेलं म्हणजे ते पाहायला येणारा माणूसही गेला. कोणाला विचारणार? मिस्त्री अकोल्याला, हे नाशकाला. दुपारी मशीनसमोर फतकल मारून बसले आणि पुन्हा पुन्हा ज्योत पेटवून नुसती पाहत राहिले. तेव्हा दिसलं. ज्योत सरळ जात होती आणि काडी बाजूला वाकली होती. टोकाला आचच लागत नव्हती, मग चावी उघडी कशी राहील? घासता घासता मीच ती वाकवली होती. सगळं बंद केलं, सांडशीनं काडी अलगद जागेवर आणली, पेटवलं, बटण धरलं, सोडलं. ज्योत राहिली. मी तिथंच बसून रडले.

मामाजी पाहत होते. संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी अंगणात नेऊन मशीन दाखवलं.

दिवाळीला हे आले. फराळाला बसले तर मामाजींचं सुरूच. "तुह्यी बायको मिस्त्रीच्या वर आहे बे. समदं मशीन तिले समजते."

मी घाईघाईनं म्हटलं, "कधी कधी पेटत नाई ते."

"काऊन खोटं बोलतं? माह्या डोळ्यासमोर तं रोज पेटते."

हे हसले. चेहरा इतका मोकळा झालेला मी पाहिला नव्हता. "मंग माह्या जीवाले घोर नाई," ते मला म्हणाले. "साहेब मले कारखान्यात पक्कं करून राह्यला तिकडं. तू इकडचं पाह्यतं तं मी कायले नोकरी सोडू?"

आणि माझ्याकडे बघून विचारलं, "जमते ना तुले?"

मला तुम्ही पाहिजे, असं आमच्याकडे बाई सासऱ्यासमोर नवऱ्याला म्हणत नव्हती. मी म्हटलं, "हाव, जमते."