किल्लेदाराच्या पगडीतलं पातेलं

माझ्या सासूबाईंच्या पगडीत स्टीलचं पातेलं होतं, ही गोष्ट मी गावापासून लपवून ठेवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. तो नाटकाच्या तिसऱ्या प्रवेशापर्यंत टिकला.

आमचं गाव अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना लागतं. गावदेवीच्या उत्सवात दरवर्षी पुरुषमंडळींचं नाटक असतं. यंदा नायक कोण होणार यावरून त्यांच्यात जुंपली आणि दोन्ही बाजू रुसून घरी बसल्या. तेव्हा आमच्या महिला मंडळानं जाहीर केलं की नाटक आम्ही करू, ऐतिहासिक करू आणि त्यातले मिशीवालेसुद्धा आम्हीच होऊ! खाडीच्या तोंडावरचा एक किल्ला, त्याचा शूर किल्लेदार आणि किल्ला घ्यायला आलेला फिरंगी कप्तान, अशी गोष्ट ठरली. कप्तान झाल्या मंडळाच्या अध्यक्षा वनिताकाकू. (दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचा त्यांना दांडगा अनुभव आहे.) आणि किल्लेदार झाल्या माझ्या सासूबाई, वत्सलाताई. वय अडुसष्ट, गुडघ्यांचं वय त्याहून जास्त.

आईंना ही भूमिका मिळाली त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत. मी घाबरून विचारलं, "आई, बरं वाटत न्हाय का?"

"बरं वाटतंय गो. म्हणून तर भूक न्हाय," त्या म्हणाल्या. मग हळूच सांगायला लागल्या, "आमच्या गावात नाटकं व्हायची ना, तवा माझंच लुगडं नेसून माझा भाऊ राणी व्हायचा. आणि मी? पडद्यामागं त्याच्या निऱ्या धरून उभी! सगळी भाषणं मला पाठ, आणि टाळ्या त्याला."

या बाईनं पन्नास वर्षं दुसऱ्याच्या निऱ्या धरल्या होत्या. मला वाटलं, ही स्टेजवर येईल तेव्हा नुसतं बघत राहावं अशी दिसली पाहिजे. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "आई, तुमचा पोशाख मी शिवते!"

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्राच्या मागून विचारलं, "भाड्यानं न्हाय मिळत?"

मिळतो की! अलिबागला जाऊन आम्ही एक पोशाख आईंच्या अंगावर चढवूनही पाहिला. तो सहा फुटी सरदारासाठी होता. आत आई नेमक्या कुठे आहेत, हे हाक मारून विचारावं लागलं. शिवाय मी शिवणाचा तीन महिन्यांचा कोर्स केलेला आहे. त्या बळावर मी आजवर बाजाराच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवले होते. माणसाला उशीपेक्षा हात जास्त असतात, हे मापं घेताना माझ्या लक्षात आलं.

आता किल्लेदाराला शोभेल असं भरजरी कापड आणायचं कुठून? नवं घ्यायचं तर नाटकापेक्षा पोशाख भारी झाला असता. तेवढ्यात दारात बोहारीण आली. अख्खं जग बोहारणीला जुने कपडे देऊन भांडी घेतं. मी उलटं केलं. मी तिला भांडी देऊन जुने कपडे मागितले!

ती बाई डोक्यावरची पाटी उतरवून मटकन खालीच बसली. "ताई, केस पांढरे झाले माझे ह्या धंद्यात. असं गिऱ्हाईक पयल्यांदा बघते!"

"तुझ्या गाठोड्यात भरजरी काय हाय ते दाखव."

तिनं गाठोडं सोडलं. वर शर्ट, पँटी, लहान मुलांची झबली. आणि तळाशी डाळिंबी रंगाचा, जरीनं लखलखणारा बनारसी शालू! पदरावर एका ठिकाणी हिरव्या रेशमानं छानसा पोपट भरलेला होता. सबंध शालूवर पोपट तेवढा एकच. मला वाटलं, वा, काय कलाकुसर आहे! मी स्वयंपाकघरातून एक परात आणि दोन डबे आणून दिले. बोहारीण इतक्या घाईनं पसार झाली की तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

अलिबागच्या कापडदुकानात अस्तर, जरीची लेस आणि बंदांसाठी फीत घ्यायला गेले, तर दुकानदारानं विचारलं, "कुणासाठी?"

"किल्लेदारासाठी."

"माप?"

"सासूबाईंचं."

त्यानं लेस हातभर जास्त मोजली.

पहिल्या अंगरख्याच्या बाह्या मी उलट्या लावल्या. तो घालून आई उभ्या राहिल्या तर दोन्ही हात मागे वळलेले! "मंदा," त्या म्हणाल्या, "किल्ला लढवायचा हाय, का शरण जायचंय?" मी उसवलं, परत शिवलं, परत उसवलं. शेवटी अंगरखा जमला. घेर झकास आला, बंद बसले. आणि तो हिरवा पोपट मी कापून बरोबर छातीच्या मधोमध बसवला. किल्लेदाराचं मानचिन्ह! (कुठल्या किल्लेदाराच्या छातीवर पोपट असतो, असं विचारणारं घरात कुणी नव्हतं.)

चिलखताला मी रेवदंड्याच्या जनाबाईकडून फाटकं जाळं आणलं. जनाबाई आमच्या दारावर मासळी आणते. जाळ्याला चंदेरी रंग मारला आणि अंगरख्यावर चढवलं. लांबून हुबेहूब लोखंडी कड्या! जवळून सुके बोंबील. तीनदा धुतलं, लिंबू चोळलं, अगरबत्तीचा धूर दिला. तेव्हा ते देवळात वाळत घातलेल्या बोंबलांसारखं वास मारायला लागलं.

राहिली पगडी. पगडीला आकार यावा म्हणून आईंच्या डोक्याच्या मापाचं पातेलं मी पालथं घातलं. त्यावर उरलेला शालू पिळे देऊन गुंडाळला, मैद्याची खळ लावली, भरवसा वाटेना म्हणून वर सुतारकामाचा गोंद ओतला आणि दोन दिवस उन्हात ठेवली. पगडी दगडासारखी घट्ट झाली. इतकी, की पातेलं बाहेर येईना! मी ओढलं, ह्यांनी ओढलं, आम्ही दोघांनी दोन टोकांनी ओढलं.

"राहू दे," आई म्हणाल्या. "आतून टॉवेल लाव. डोक्याला मार तरी लागायचा न्हाय."

नाटकाच्या दिवशी दुपारपासूनच मैदान भरलं. रुसलेले पुरुषही "बघू तरी काय करतात" म्हणत पुढच्या खुर्च्या अडवून बसले. पडदा उघडला आणि आई समोर आल्या. मिशी, शेला, कमरेला तलवार. आवाज असा की मीच दचकले! "जोवर ह्या कुडीत प्राण हाय, तोवर ह्या बुरजावर फिरंग्याची सावली पडणार न्हाय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यामागे सुई-दोरा घेऊन उभ्या असलेल्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिसरा प्रवेश, द्वंद्वयुद्ध. टोपीत कोंबड्याचं पीस खोचून वनिताकाकू आल्या. पहिलाच वार त्यांनी जरा जोरात केला. लाकडी तलवार आईंच्या पगडीवर बसली.

टण्ण्!

वनिताकाकूंनी खात्री करायला पुन्हा मारलं. टण्ण्! मागून कुणीतरी ओरडलं, "आरतीची वेळ झाली काय रे?" हशा पिकला. आई डगमगल्या नाहीत. "पोलादी डोकं हाय किल्लेदाराचं! हाण अजून!"

वनिताकाकूंनी चिडून पोटावर तलवार खुपसली आणि ती जाळ्यात अडकली. जाळं शेवटी जाळंच. त्या जितकं ओढतील तितकं ते घट्ट होई! शेवटी एक हिसका बसला आणि अख्खं चिलखत सुटून कप्तानाच्या हातात आलं. आईंच्या छातीवरचा हिरवा पोपट दिव्यांच्या झोतात चमकला.

वनिताकाकू जागीच थिजल्या. तलवार गळून पडली.

"हा... हा माझा पोपट!"

प्रॉम्प्टर घाईघाईनं पानं उलटायला लागली. असं वाक्य कुठेच नव्हतं.

"माझ्या लग्नातला शालू हा! आरतीच्या कापरानं जळला, तवा माझ्या आईनं त्यावर पोपट भरला व्हता! प्रीती! कपाट तू आवरलंस ना गो?"

प्रेक्षकांत बसलेली त्यांची सून प्रीती खुर्चीवरून घसरत घसरत खाली दिसेनाशी झाली. "जुनं वाटलं, आई..." एवढंच ऐकू आलं. त्या शालूच्या बदल्यात तिला इडलीपात्र मिळालं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं.

मी पडद्यामागे कात्री घट्ट धरून उभी. वाटलं, संपलं! पन्नास वर्षांनी बाई स्टेजवर आली आणि मी तिला चोरीचा माल घालून उभी केली. वनिताकाकू अंगरख्याचा बंद धरून ओढायला लागल्या. आईंनी एक पाऊल मागं घेतलं, तलवार उपसली आणि तिचं टोक कुणाकडे रोखावं? स्वतःच्या छातीवरच्या पोपटावर!

"खबरदार, कप्तान! तुमचा पोपट आमच्या कैदेत हाय! एक पाऊल पुढं टाकाल, तर त्याची मान उतरवीन!"

"वत्सलाताई, नको!" वनिताकाकू खरोखरच रडवेल्या झाल्या.

"मग बंद सोडा! किल्ला सोडा! गुडघे टेका!"

आणि तालमीत महिनाभर "अध्यक्षानं गुडघे कशाला टेकायचे?" म्हणून अडून बसलेल्या वनिताकाकूंनी धाडकन गुडघे टेकले. मैदान उठून उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी फटाक्यांची माळसुद्धा लावली. आई वाकल्या (ते पातेलं सावरत), वनिताकाकूंना उठवलं आणि त्यांच्या कानात म्हणाल्या, "घे गो तुझा पोपट. माझी हौस झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगरखा घडी करून मी काकूंकडे घेऊन गेले. हात जोडून माफी मागितली. काकूंनी पोपटावरून हात फिरवला, डोळे पुसले, अंगरखा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "शालू तर गेला. पण बरा शिवलायस. माझ्या मापाला सैल कर. पुढच्या वर्षी किल्लेदार मी!"

"आणि आमच्या आई?"

"फिरंगी. पोपट माझा, तर किल्लेदार बी मीच!"

मी घरी येऊन हे सांगितलं. आई पगडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पन्नास वर्षांनी मिळालेली गादी माझ्या शिवणकामानं एका रात्रीत घालवली होती. तेवढ्यात दारात हाक आली. तीच बोहारीण!

आई ताडकन उठल्या, माझा दंड धरून मला अंगणात उभं केलं आणि म्हणाल्या, "ही घे गो. जुनी हाय, पण वापरातली हाय. काय देशील बदल्यात?"

बोहारणीनं मला जुनी साडी उजेडात धरून बघतात तसं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मान हलवली.

"नेते मावशी. पन वर एक पातेलं द्यायला लागंल."

आईंनी क्षणाचाही विचार न करता पगडी पुढे केली.