पिल्सेनहून परतताना बंकवर कोण होतं

आधीच सांगतो, मी भोळा माणूस नाही. या सदरातले अनुभव मी वाचतो ते माल उतरेपर्यंत वेळ जावा म्हणून, आणि निम्म्यांवर हसतो. नवीन ट्रकसमोर नारळ फोडला तोही सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या समाधानासाठी — आणि तो नारळसुद्धा तुर्की दुकानदाराशी घासाघीस करून आणलेला. जे हाताला लागत नाही ते मी धरून चालत नाही. तरी हे लिहितोय, कारण एवढे महिने झाले, डोक्यातून जात नाही...

मी न्युरेम्बर्गला राहतो. साताऱ्यातल्या एका गॅरेजमधून इथवर आलो, कोणाच्या शिफारशीवर नाही. आज स्वतःची ट्रान्सपोर्ट आहे. त्याआधी बापू आणि मी एकाच ट्रकवर होतो. बापू कराडचा, माझ्याहून बराच मोठा, जर्मनीत अर्धं आयुष्य काढलेला. बायको मोनिका इथलीच. लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर असले की एक चालवतो आणि दुसरा सीटमागच्या बंकवर पडदा ओढून झोपतो. आम्ही कित्येक वर्षं असेच जगलो. एकमेकांची तोंडं कमी पाहिली, घोरणं जास्त ऐकलं. पडदा पूर्ण ओढला की बापूला कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून त्याचा एक पाय कायम बाहेर — राखाडी लोकरी मोज्यात.

मग त्याने घात केला. दुसरा शब्द मला सापडत नाही. एका मोठ्या गिऱ्हाईकाचं वर्षभराचं काम आम्हाला मिळत होतं, दोघांना दोन वेगळ्या गाड्या. सौदा मी जमवला होता, त्यांचं डोकं खाऊन खाऊन. आणि बापूने माझ्या अपरोक्ष त्यांच्या माणसाला जाऊन सांगितलं, "विलासला एकट्याला गाडी देऊ नका." काम गेलं. मला हे कळलं तिसऱ्याच माणसाकडून! जाब विचारायला घरी गेलो तर हा गप्प. चहा पुढे केला. मी कप तसाच ठेवून उठलो, ते चार वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही. पुढे तो नोकरी धरून बाड हॉम्बुर्गला गेला.

गेल्या हिवाळ्यात मोनिकाचा फोन आला. बापूला स्ट्रोक. आठवडा होऊन गेला तरी शुद्ध नव्हती.

"विलास, डॉक्टर म्हणतात त्याच्याशी बोलत राहा, लहानपणीच्या भाषेत बोला. मला 'चहा', 'पुरे' आणि 'चल' एवढंच येतं. मुलांना तर तेवढंही येत नाही. तू येशील?"

"माझा ड्रायव्हर आजारी आहे. उद्या मलाच पिल्सेनला गाडी न्यायची आहे."

"मग परवा?"

"बघतो."

सुनंदा शेजारीच उभी होती. "अहो, माणूस तिकडे मरायला टेकलाय."

"मला विचारून टेकला का?"

"नुसतं बोलायचंय. तुम्हाला कधी बोलायला कमी पडलंय?"

"त्याला बोलता येत होतं तेव्हा तो बोलला नाही. आता मी कशाला बोलू?"

ती आत निघून गेली. सकाळी डबासुद्धा दिला नाही.

पिल्सेन म्हणजे चेकमधलं, हद्दीपासून तासाभराच्या आत. माल उतरवला आणि दुपारी रिकामी गाडी घेऊन परत फिरलो. बर्फ भुरभुरत होता. दोन्ही बाजूंना काळं जंगल, आकाश खाली आलेलं. एका उतारावर ब्रेक मारला आणि मागे बंक करकरला. सामान सरकलं तर धप्प आवाज येतो. हा आवाज माणूस कूस बदलतो तेव्हाचा. इतकी वर्षं ज्याने तो ऐकलाय त्याला ओळखायला मागे वळावं लागत नाही. मी वळलो नाही. रेडिओ बंद केला, हीटरचा पंखा बंद केला. श्वास ऐकू येत होता... माझा नव्हे. मी माझा रोखून धरला होता.

ही गाडी बापूने कधी डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नव्हती.

स्वतःला म्हटलं, डबा नाही, पोट रिकामं, म्हणून भास होतायत. तेवढ्यात वाइडहाउसची हद्द आली. पूर्वी इथून न थांबता निघून जायचो, हल्ली जर्मन पोलीस पुन्हा गाड्या तपासतात. मला बाजूला घेतलं. एक तरुण पोलीसबाई पायरीवर चढली. मी कागद दिले. तिने ते पाहिले, मग माझ्या खांद्यावरून मागे नजर टाकली.

"तुमच्या सहकाऱ्याचं ओळखपत्रही द्या."

"कुठला सहकारी? मी एकटा आहे."

"हे बघा, मला त्यांचा पाय दिसतोय."

माझं डोकं फिरलं. "पाय दिसतोय? मी काय माणसं लपवून आणतो? वीस वेळा या रस्त्याने जातो मी! तुमच्या साहेबाला बोलवा!"

आवाज न चढवता तिने मला खाली उतरायला सांगितलं. मी बर्फात उभा. ती वर गेली आणि तिने पडदा सरकवला. मीही मान लांब करून पाहिलं. बंक रिकामा होता. पांघरूण घडी केलेलं, उशी तिच्या जागी.

"आत्ता आत ओढला त्यांनी पाय," ती हळू आवाजात म्हणाली. "राखाडी मोजा होता."

मी तिला मोज्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

तिने जोडीदाराला बोलावलं. दोघांनी बंकखालचे कप्पे उघडले, ट्रेलर उघडायला लावला. काही नव्हतं. कागद परत देताना ती माझ्याकडे बघतच नव्हती. "जा तुम्ही," एवढंच म्हणाली.

घाबरलो होतो, नाही कशाला म्हणू? पण मला भीतीच्या आधी राग येतो. पुन्हा महामार्गाला लागलो आणि समोरच्या काचेकडे बघत, मराठीत, मोठ्याने सुरुवात केली.

"आलास होय? चार वर्षांत एक फोन नाही, आणि आता फुकटात बसून आलास?"

करकर.

"तू सांगितलंस की नाही त्यांना? आज बोल! हो की नाही?"

वायपरचा आवाज.

"का पण? तुझ्या ताटातलं ओढून घेतलं होतं का मी? दोघांचं भलं होत होतं ना रे, बापू!"

शेवटचं वाक्य विनवणीसारखं निघालं, त्याचाही राग आला. त्या तिरीमिरीत समोरच्या टँकरला ओव्हरटेक करायला (इथे ते डावीकडून करतात) गाडी डाव्या लेनमध्ये घातली. आणि एकदम, का कोण जाणे, नको वाटलं. ॲक्सिलरेटर सोडला, टँकरच्या मागे परत आलो. पुढच्या वळणापलीकडे डाव्या लेनमध्ये एक व्हॅन घसरून आडवी उभी होती. माणसं बाहेर पडून हात हलवत होती. एवढ्या वजनाची गाडी त्या बर्फावर थांबली नसती.

न्युरेम्बर्गला पोचलो तेव्हा माझा आवाज बसला होता. मागचा श्वास कुठे थांबला, ते कळलं नाही.

घरी आल्यावर मोनिकाचा मेसेज दिसला. दुपारी बापू पहिल्यांदा बोलला होता. डोळे मिटलेलेच, पण बोलला! काय बोलतोय ते कळेना म्हणून तिने फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं होतं. स्वयंपाकघरात उभं राहून मी आणि सुनंदाने ते ऐकलं. जीभ जड, पण आवाज त्याचाच.

"ओरडू नकोस. रस्ता बघ."

मग शांतता. कुठल्यातरी मशीनची टिकटिक.

"सांगितलं. मीच सांगितलं."

"भ्रमात बोलतायत," सुनंदा म्हणाली. मी तिला हाताने गप्प केलं. ती मधली शांतता मोकळी नव्हती. तिथे मी गाडीत काय बोललो होतो, ते मला शब्दन् शब्द माहीत होतं.

"चालवताना डुलक्या घ्यायचास तू. मागे पडून मी बघत असायचो. एकटा असतास तर मेला असतास."

आणि थोड्या वेळाने, एकदम चढ्या आवाजात, "डावीकडून नको... मागे ये, विलास!"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. "अहो, हे काय आहे?"

मी खुर्ची ओढून बसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बाड हॉम्बुर्ग गाठलं. बापू शुद्धीवर आला होता. पण त्याची जर्मन पार पुसली गेली होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, हळूहळू परत येईल. तोवर नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायला माझ्याशिवाय कोणी नाही. म्हणून दर रविवारी मी दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसतो. त्यांची भांडणंसुद्धा माझ्या तोंडून होतात. आमचं वेगळं चालूच आहे.

"डुलक्यांचं मला सांगायचं होतंस. गिऱ्हाईकाला का?"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं! तरी मलाच सांगायचं."

हे मी सोडणार नाही. तो बरा झाला तरी नाही.

त्या दुपारचा विषय मात्र मी कधी काढला नाही. शेवटी मोनिकानेच काढला. "त्याला विचार, त्या दिवशी झोपेत तो कोणाशी बोलत होता?"

मी विचारलं. बापूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खुळा.

"कोणाशी म्हणजे? तूच होतास की. आणि त्या पोलीसबाईवर एवढा कशाला तडकलास? पोरगी घाबरली होती बिचारी."

मोनिका उत्तराची वाट बघत होती.

"त्याला काही आठवत नाही, म्हणतोय," मी तिला जर्मनमध्ये सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तिने पुढचा प्रश्न विचारला असता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही.