मालगाडीचे आकडे

माझा स्वभाव संशयी आहे असं आमच्या बोईसरच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका म्हणतात. म्हणू देत. मटक्याच्या घरात वाढलेली पोर संशयी नाही होणार तर काय होणार? आमचे वडील साताऱ्याकडनं इथं एमआयडीसीत नोकरीला आले आणि मशीन शिकायच्या आधी आकडा लावायला शिकले. संध्याकाळी आकडा फुटायची वेळ झाली की घरात कुणी बोलायचं नाही, पोरांनी रडायचंसुद्धा नाही. मग चाळीतली खोली गेली, आईच्या कानातलं गेलं, शेवटी वडीलही गेले. आकडा तेवढा राहिला, तो माझ्या धाकट्या भावानं उचलला.

म्हणून मला बघायला आले तेव्हा मी पोह्याची बशी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आकडा लावता का?" माझी मावशी लाजेनं अर्धी झाली. समोरचा माणूस मात्र शांतपणे म्हणाला, "नाही. लावणारही नाही." मी म्हटलं, "ज्या दिवशी लावाल त्या दिवशी मी या घरात नसेन." त्यांनी मान हलवली. आमच्या संसाराला तेवढी एकच अट होती, आणि ती त्यांनी पाळली. म्हणजे मला तसं वाटत होतं.

भावाचं काय झालं तेही सांगून टाकते. आई गेली, आम्ही सगळे स्मशानातनं परत आलो, आणि हा मागं राहिला. का, तर आईच्या मरणाची तारीख लावायला! स्वतःच नंतर रडत रडत सांगितलं त्यानं. मी म्हटलं, रड, पण उंबऱ्याच्या बाहेर रड. त्या दिवसापासून त्याला घर बंद केलं. तो एडवणला समुद्राकाठच्या एका वाडीवर राखण करतो, एवढं कानावर आलं होतं. मी चौकशी केली नाही.

आमच्या ह्यांनी आयुष्यभर एका कंपनीत बॉयलर चालवला. रिटायर झाले आणि हातात मोबाईल आला. आधी मी लक्ष दिलं नाही. पण हल्ली संध्याकाळी दिवा लावायच्या सुमाराला फोन वाजायचा आणि हे उठून गॅलरीत जायचे. दार लोटून घ्यायचे. घरात बाई एकटी मी, आणि माझ्यापासून चोरून बोलायचं! माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यात वेळ कसली, तर आकडा फुटायची. ती वेळ माझ्या हाडात बसलेली आहे, मला घड्याळ बघावं लागत नाही.

एका संध्याकाळी वालाच्या शेंगा सोलायला म्हणून मी मुद्दाम गॅलरीच्या दाराशी बसले. कान टवकारले. हे हळूच म्हणाले, "दोन-आठ-शून्य."

माझ्या हातातली शेंग खाली पडली. दोन-आठ-शून्य! तीन आकड्यांच्या अशा मांडणीला मटक्यात पान म्हणतात, आणि हे पक्कं पान आहे. आमच्या वडिलांचं आवडतं. रात्रीच्या जेवणाची भाकरी मी थापली खरी, पण तिला भोकं पडली. तोंडावर विचारायचं नाही असं ठरवलं, कारण मटकेवाला कधी कबूल होत नाही. त्याला पकडावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शेंगा घेऊन बसले. आज हे म्हणाले, "दोन-आठ-दोन." आता मी गोंधळले. मटक्याच्या पानात आकडे लहानापासून मोठ्याकडे मांडतात, शून्य तेवढं सगळ्यात मोठं धरून शेवटी. दोन-दोन-आठ असं पान असतं, दोन-आठ-दोन असं पान जन्मात नसतं. आमच्या वडिलांनी दारूच्या नशेतसुद्धा ही चूक केली नसती. मग एक दिवस म्हणाले, "दोन-दहा-शून्य." दहा? मटक्यात दहा कुठनं आला? आणि मग वर, "तिकडं युरोपात हेच एक-चार-एक होतं बघ." म्हणजे धंदा परदेशापर्यंत पोचला! मोबाईलवर काय काय निघालंय देव जाणे, नवा कुठला तरी मटका असणार अशी माझी खात्री झाली. आणि मला जास्त राग कशाचा आला सांगू? इतकी वर्षं संसार करून हा माणूस शेवटी मटकाच खेळणार होता, तर निदान नीट शिकून तरी खेळायचा.

त्यात एक शब्द परत परत यायचा. मिकाडो. "मिकाडो बरोबर. मिकाडो आवडतो ना तुला?" असं हसून बोलायचे. मी म्हटलं, हा बुकी असणार. नाहीतर बार असणार. मनोरला हायवेवर असल्या नावाचे बार असतात, आणि बारच्या मागं आकड्याचा धंदा चालतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. झालं, बाजाराच्या निमित्तानं गेले मनोरला. नाक्यावर एक रिक्षावाला होता, त्याला विचारलं, "मिकाडो बार कुठं आला रे?"

त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मावशे, तुमाला कोणाला गाठायचा हाय?"

"तुला काय करायचंय? बार सांग."

"त्या नावाचा बार इथं नाय. दुसरे हायेत, सोडू का?" असं म्हणून तो आणि त्याचे सोबती दात काढायला लागले. मेथीची जुडी घेऊन मी परत आले. डोकं तापलं होतं ते उन्हानं नव्हे.

शेवटी मी सापळा लावला. भजनाला जाते म्हणून सांगितलं, चपला वाजवत जिना उतरले, आणि चपला हातात घेऊन परत वर आले. लॅच हळूच उघडलं. हे आज गॅलरीतसुद्धा गेले नव्हते. मी घरात नाही म्हटल्यावर साहेब खुशाल सोफ्यावर बसले होते, फोन स्पीकरवर!

"मागचं चाक कशाला लावलं?" हे विचारत होते.

"भट्टीसाठी," फोनमधनं आवाज आला. "भट्टी मोठी केली, तिला खाली टेकू पाहिजे."

"शाब्बास. आता हात काय म्हणतोय?"

"शिवशिवतोय, दाजी. पण बसलोय जागेवर."

दाजी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जगात ह्यांना दाजी म्हणणारा एकच माणूस होता. मी पुढं झाले, फोन उचलला आणि बंद करून टाकला.

"मटका खेळत असतात तर बरं होतं," मी म्हटलं. "निदान मी उठून गेले असते. ह्याच्याशी बोलताय? माझ्या माघारी?"

हे उभे राहिले, पुन्हा बसले. मग म्हणाले, "आधी बस. मग काय बोलायचं ते बोल."

सफाळ्याच्या बाजारात त्यांची आणि भावाची गाठ पडली होती. भावानं पाय धरले म्हणे. मटका सोडलाय, पण आकडा फुटायची वेळ झाली की डोक्यात आकड्यांचं मोहोळ उठतं, बसवत नाही, पाय आपोआप गल्लीकडं वळतात. "मी काय त्याला उपदेश करणार?" हे म्हणाले. "उपदेश तुझ्या आईनं केला, तू केलास. मी म्हटलं, त्याच्या डोक्यातनं आकडे जात नाहीत ना, मग दुसरे आकडे घालू. ह्या वेळेला फोन कर, मी आकडा सांगतो, तू इंजिन सांग."

"कसलं इंजिन?"

"मालगाडीचं. अमेरिकेतलं. जुनं, वाफेचं."

मला हसावं की रडावं कळेना. मोबाईलवर ह्यांनी एक चित्र काढून दाखवलं. काळं धिप्पाड इंजिन, आणि शेजारी त्याची चाकं गोल गोल काढलेली. आणि जन्मभर बॉयलरपाशी उभा राहिलेला हा माणूस असा बोलायला लागला, की मी त्यांना कधी एवढं बोलताना ऐकलंच नव्हतं.

म्हणे अमेरिकेत इंजिनाची ओळख चाकांवरनं सांगतात. पुढची बारकी चाकं, मधली मोठी, मागची बारकी. दोन-आठ-शून्य म्हणजे पुढं दोन, मध्ये आठ, मागं काही नाही. त्याचं नाव कन्सॉलिडेशन. मालगाडी ओढायला त्यांनी ही इंजिनं हजारोंनी बांधली. पुढची दोन चाकं वळणावर वाट दाखवतात, मधली आठ एका दांड्यानं जोडलेली असतात, ती ओढतात. पॅसेंजरच्या इंजिनापेक्षा चाकं लहान ठेवायची, कारण मालगाडीला पळायचं नसतं, रेटायचं असतं. पण गाड्या लांबच लांब होत गेल्या आणि वाफ पुरेना. वाफ पाहिजे तर भट्टी मोठी पाहिजे, आणि ह्या इंजिनात भट्टी मोठ्या चाकांच्या वर अडकून बसलेली. वाढवायची कुठं? तेव्हा ती चाकांच्या मागं सरकवली, ऐसपैस रुंद केली आणि तिच्या वजनाला खाली दोन बारकी चाकं दिली. झालं दोन-आठ-दोन. त्यातला पहिला मोठा माल जपानला गेला म्हणून जपानच्या राजाच्या पदवीवरनं त्याला म्हणायला लागले मिकाडो.

"मिकाडो," मी म्हटलं. मनोरचा तो रिक्षावाला माझ्या डोळ्यांपुढं आला. त्याचं मी ह्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही.

"दोन-दहा-शून्य डेकापॉड. आणि युरोपात चाकं नाही, आस मोजतात, एका आसाला दोन चाकं. तिथं मिकाडो होतो एक-चार-एक. हे तुझ्या भावाला फार आवडलं. म्हणतो, एकाच इंजिनाचे दोन आकडे!" हे हसले. "पुढं पुढं भट्ट्या एवढ्या मोठ्या झाल्या की फावड्यानं कोळसा घालणारा माणूस थकायला लागला. मग कोळसा आत ढकलायला यंत्र बसवलं. वाफसुद्धा पुन्हा तापवून कोरडी करायचे. ओली वाफ कामाची नाही, ते मी त्याला आमच्या बॉयलरवरनं सांगितलं. तो विचारतो गं. शाळेत कधी विचारलं नसेल एवढं विचारतो."

"आणि हे मला का नाही सांगितलंत?"

"तू बंद करायला लावलं असतंस."

ते खरं होतं, त्यामुळं मी आणखी चिडले. आणि चिडले तरी डोकं चालूच होतं माझं. मी म्हटलं, "तुम्ही भोळे आहात. तुमच्याशी इंजिन इंजिन करतो आणि फोन ठेवला की जाऊन तेच आकडे लावत असेल. दोन-आठ-शून्य हे पान आहे, ठाऊक आहे तुम्हाला?"

ह्यांचा चेहरा पडला. खरंच ठाऊक नव्हतं. बॉयलरवाल्या माणसाला मटका कुठनं कळणार? ज्या माणसाला आकड्यांपासून सोडवायचं त्याच्या हातात ह्यांनी मटक्याचं पान दिलं होतं, आणि वर शाब्बास म्हणत होते.

"मग काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"उद्या फोन मी उचलणार. तुम्ही त्याला आधी काही सांगायचं नाही. सांगितलंत तर माझ्याशी गाठ आहे."

मी ठरवलं होतं. दोन-आठ-शून्यच विचारायचं. तो आकडा मटक्याचाही आहे आणि इंजिनाचाही. तिन्हींची बेरीज दहा, म्हणजे शेवटी शून्य, आणि मटक्यात शून्याला मिंडी म्हणतात. तोंडातनं काय निघतं त्यावरनं मला कळणार होतं. मटका खेळलेल्याच्या डोक्यात आधी मिंडीच येणार; झटकन इंजिनाचं नाव घेतलं, तर हा आपल्या दाजींना बनवतोय. पोपटासारखं पाठ करून बसलाय आणि धंदा चालू आहे. तसं झालं तर हा भाऊ मला मेला, आणि ह्यांचाही फोन कायमचा बंद. दिवसभर मी ह्यांच्यावर नजर ठेवली. मोबाईल देवघरात ठेवला, आंघोळीला जाताना सोबत नेला.

संध्याकाळी फोन वाजला. हे समोर बसले होते, हात गुडघ्यांवर घट्ट धरून. मी फोन कानाला लावला.

"दाजी, काल मधेच कट झाला. आज कुठला?"

इतक्या वर्षांनी त्याचा आवाज कानात आला. आईसारखा झालाय, घोगरा.

"दोन-आठ-शून्य," मी म्हटलं.

वारा तेवढा ऐकू येत होता.

"आक्का?"

"आकडा सांगितलाय. काय ते बोल."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, ठेवतो आता फोन. ठेव बाबा, म्हणजे मी सुटले.

"मिंडी," तो म्हणाला. मग एकदम रडायलाच लागला. "आधी मिंडीच येते गं आक्का. अजून. दाजींना कधी बोललो नाही, त्यांना वाईट वाटेल. रोज आधी बेरीजच होते डोक्यात. इंजिन मागनं येतं."

मी खुर्ची ओढली आणि बसले.

"मग येऊ दे मागनं," मी म्हटलं. "मी फोन ठेवत नाही."