एका पायावर उभा रनिंग बॅक

"म्हात्रे, कस्टमरने अप्रूव्ह केलंय ना? मग तुझ्या पोटात का दुखतंय?" सेठ म्हणाले.

दुखत होतं, हे खरं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीला, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्याला, अमेरिकेतल्या एका छोट्या गावाची ब्राँझच्या पुतळ्याची ऑर्डर मिळाली होती. पहिलीच फॉरेन ऑर्डर. सेठ उल्हासनगरचे, धंद्यात मुरलेले. त्यांचे पेढे वाटूनही झाले होते. आणि मी प्रॉडक्शन मॅनेजर असून ड्रॉइंग पुढ्यात घेऊन 'हे असं नको' म्हणत बसलो होतो.

पुतळा एका अमेरिकन फुटबॉलपटूचा होता. हा आपला फुटबॉल नव्हे. यात लांबट बॉल काखेत दाबून पळतात. पळणाऱ्याला रनिंग बॅक म्हणतात आणि समोरचे अकरा दांडगे त्याला आडवा करायला टपलेले असतात. आमच्या शॉप फ्लोअरवरची निम्मी माणसं बदलापूर-बारवीकडची, माझ्यासारखीच कबड्डी खेळून वाढलेली. व्हिडिओ बघून सगळ्यांचं एकमत झालं, हा तर रेडर! तिघं अंगाला लोंबकळतायत आणि हा पुढेच चाललाय. स्कोअर केल्यावर नाचणं नाही, छाती बडवणं नाही. बॉल पंचाच्या हातात द्यायचा आणि मुकाट परत फिरायचं. गुडघा गेल्यावर हा माणूस गावी परतला आणि शाळेत पोरांना पळायला शिकवत राहिला. पुतळा तेच गाव उभारत होतं.

अडचण पोजची होती. धावताना एक पाय हवेत, दुसऱ्याचा फक्त चवडा जमिनीला. एवढ्या ब्राँझचं वजन एका घोट्यावर. म्हणून तिकडच्या कन्सल्टंटने तोडगा काढला होता: खाली पडलेला एक प्रतिस्पर्धी दाखवायचा, त्याने दोन्ही हातांनी घोटा धरलेला. म्हणजे पुतळ्याला दुसरा टेकू. इंजिनिअर म्हणून मला त्यात खोट काढता येईना. पण घोटा धरला की रेडर बाद, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जन्मभर निसटलेल्या माणसाचा पुतळा करायचा आणि तो नेमका पकडला गेलेला?

"अरे भाई, अमेरिकेत कोण कबड्डी खेळतंय? उनको क्या मालूम पडेगा?"

"सेठ, पाय धरलेला माणूस कुठल्याही देशात धरलेलाच दिसतो."

व्हिडिओ कॉलवर मी ते बोलूनच टाकलं. समोर त्या खेळाडूची मुलगी होती, डेब्रा. पुतळ्याची कमिटी तीच सांभाळत होती. तिने ड्रॉइंग पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "डॅडींचा गुडघा असाच गेला. एकाने घोटा धरला, दुसरा वरून पडला. त्यानंतर ते खेळले नाहीत. मला हे डिझाइन कधीच आवडलं नव्हतं. पण सगळे म्हणाले, त्याशिवाय पुतळा उभाच राहणार नाही. राहील का?"

सेठनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

"राहील," मी म्हणालो.

कॉल संपल्यावर सेठ एवढंच म्हणाले, "ऑर्डर गेली ना, तर तू घरी बस." त्यांचंही चूक नव्हतं.

असे पुतळे पोकळ असतात. आधी मेणाचा आकार करायचा, त्यावर मातीसारखं कवच चढवायचं, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत ब्राँझ ओतायचं. मी खांदे आणि हेल्मेट पातळ ठेवले, मांडीपासून खाली जाड केलं. पायाच्या आत स्टेनलेस स्टीलचा एकसंध दांडा घातला. गुडघ्यात वाकवलेला, पण कुठेही जोड नसलेला. तो चवड्यातून खाली काँक्रीटच्या बेसमध्ये दाढेच्या मुळासारखा रुतणार होता.

पहिला पाय फुकट गेला. दांड्याभोवती थेट ब्राँझ ओतलं आणि थंड होताना पोटरीला उभी चीर गेली. दोन्ही धातू सारखे आक्रसत नाहीत. मग पायाचे दोन उभे अर्धे भाग वेगळे ओतले, दांड्याभोवती बसवले आणि वेल्ड केले. या वेळी चीर गेली नाही.

दांडा किती जाड हवा, याचं कॅल्क्युलेशन ओतकामाआधीच केलं होतं. अशा कॅल्क्युलेशनमध्ये वाऱ्याचा लोड, भूकंपाचा लोड असतो. मी त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: 'पोरं.'

"ये क्या है?" सेठनी विचारलं.

"लटकतील."

"अमेरिकेत पुतळ्याला कोण लटकतंय?"

मी त्यांना आमच्याच हत्तीची आठवण करून दिली. शिवमंदिराच्या जत्रेसाठी आम्ही एकदा फायबरचा हत्ती केला होता. पहिल्याच दिवशी पोरांनी सोंडेला लटकून सोंड खाली आणली. सेठनी कपाळाला हात लावला आणि जाड दांड्याच्या खर्चावर सही केली.

टेस्टच्या दिवशी पुतळा यार्डात तात्पुरत्या बेसला बोल्ट केला. कमरेला दोर बांधला आणि आख्खी शिफ्ट ओढायला लागली. सेठही बूट काढून दोराला लागले. वरच्या डायल गेजचा, म्हणजे पुतळा किती झुकला ते मोजणाऱ्या तबकडीचा, काटा जेमतेम हलला आणि दोर सोडताच जागेवर आला. आमचा वेल्डर भोईर धापा टाकत म्हणाला, "दादा, आवरे जन लागलो, तरी यो गडी सुटलाच!" माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू? हा माणूस आता अंबरनाथचाही होता.

अनावरणानंतर डेब्राने एक फोटो पाठवला. पुतळ्याच्या हवेतल्या पायाला शाळेची दोन पोरं लोंबकळतायत, तिसऱ्याने खालच्या घोट्याला मिठी मारलीय. खाली तिने लिहिलं होतं, "मी आणि माझी बहीण अशाच एकेका पायाला लटकायचो. डॅडी आम्हाला तसेच ओढत किचनपर्यंत चालत जायचे."

मी फोटो सेठना दाखवला. त्यांनी तो मोठा करकरून पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. म्हणाले, "पोरांचा लोड धरलास ते बरं केलंस."

तेव्हापासून आमच्या प्रत्येक पुतळ्याच्या कॅल्क्युलेशनमध्ये ती ओळ असते. ऑर्डर कुठल्याही देशाची असो, पुतळा वाऱ्याने पडत नाही. लटकणाऱ्यांचा हिशोब न केल्याने पडतो.