जपानी मुरंबा

आमच्या लेकीचं, वैशालीचं, लग्न माझ्यामुळं मोडलं नाही, एवढंच मी माझ्या बाजूनं सांगू शकतो.

झालं असं, की पुतण्या महेश जपानहून आला आणि लातूरला आमच्या घरी एक डबी देऊन गेला. आत लालसर, सुरकुतलेली, बोरापेक्षा मोठी फळं. "काका, उमेबोशी. म्हणजे जपानी आलुबुखार," तो म्हणाला. (पुढंही काही म्हणाला, पण मी तेव्हा डबीचा फोटो काढत होतो.)

दुसऱ्याच दिवशी औशाहून वैशालीला बघायला पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि वडील. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. पोहे झाले, चहा झाला. मग मला थाट दाखवायची हुक्की आली! काचेच्या वाट्यांत एकेक फळ घातलं.

"आधी चाखून तर बघा!" बायको कुजबुजली.

"मुरंबा हाय तो. मुरंबा काय चाखायचा?"

बाहेर येऊन मी जाहीर केलं, "घ्या अण्णा! खास जपानचा मुरंबा. अख्खा तोंडात टाकायचा, तिकडची रीतच हाय!" (ही रीत मला कोणी सांगितली, ते मलाही ठाऊक नाही.)

अण्णांनी टाकला. आधी एक डोळा मिटला, मग दुसरा. मग कान हलले! लोकांच्या घरात थुंकायचं कसं? बिचारे गिळायला बघत होते, तर आत ही एवढी बी! डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अण्णा, काय झालं?" मुलगा घाबरून उठला.

"आवडलं दिसतंय लई," मी म्हणालो.

तेवढ्यात वैशाली आतून धावत आली आणि अण्णांच्या तोंडाखाली सरळ ओंजळ धरली. "थुंका अण्णा! लाजू नका!"

अण्णा थुंकले. मी मनातल्या मनात स्थळ गेलं म्हणून टाकलं.

मुलाच्या आईनं आपल्या वाटीतलं नखाएवढं चाखलं. "अवो, हे तं लोणचं हाय! खारट अन् आंबटढाण! गरम भात हाय का?"

भात आला. वर तूप, त्यात बी काढून कुस्करलेलं चिमूटभर आलुबुखार. अण्णांनी भीत भीत घास घेतला, आणि मग दोनदा भात मागून घेतला!

हात धुऊन ते म्हणाले, "पोरगी पसंत हाय. जिनं माझ्यासाठी ओंजळ धरली, तिला अजून काय इचारायचं? फक्त लग्नातलं जेवण आमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

लग्नात मला सगळ्यांनी मिळून एकच बिनधोक काम दिलं: मंडपाच्या दारात चपला सांभाळायचं.

अण्णा औशाला अनवाणी गेले!