पदराखालचा डबा

शकू लाडू चोरते, ही बातमी मरोळच्या वस्तीत नळावर फुटली आणि हंडे भरायच्या आत शेवटच्या गल्लीत पोचली. फोडली सुलक्षणाने. तिने पाहिलं होतं एवढंच, की शकू पदराखाली स्टीलचा डबा घेऊन लगबगीने मागच्या गल्लीत शिरली. पण सुलक्षणाच्या तोंडून निघेपर्यंत डब्याचं पिंप झालं, आणि दुपारपर्यंत शकू ते लाडू अंधेरी स्टेशनबाहेर विकते, हेही ठरून गेलं. गिऱ्हाइकांची नावं तेवढी कळायची राहिली होती.

लाडू एका समाजसेवी संस्थेचे होते. नाचणी, शेंगदाणे, गूळ. तीन वर्षांखालच्या पोरांना रोज दोन. साल शहाऐंशी. पण सगळ्यांना नव्हते. साठ घरांच्या चिठ्ठ्या रॉकेलच्या धुतलेल्या डब्यात घालून भर चौकात तीस काढल्या. त्या घरांना वर्षभर लाडू, बाकीच्या पोरांचं नुसतं वजन.

"वजन करून पोट भरतं होय, बाई?" सुलक्षणाने तेव्हाच विचारलं होतं. तिची चिठ्ठी निघाली होती, तरी विचारलं. तोंडाला आराम नको?

संस्थेच्या अनुपमाबाई वयाने लहान, पण ठाम. "सगळ्यांनाच दिले, तर पोरं लाडवाने सुधारली की आणखी कशाने, कळणार कसं? आणि मी निवडून दिले असते, तर तुम्ही म्हणाला असता, ओळखीच्यांना दिले. चिठ्ठी कुणाला ओळखत नाही. वर्षाने फरक दिसला, तर सरकारला सांगता येईल, सगळ्या वस्त्यांना द्या. उरलेल्या तीस घरांना पुढच्या वर्षी देऊच."

सातवी पास शकूला वजनं घ्यायचं काम मिळालं. तुळईला काटा टांगायचा, झोळीत पोर ठेवायचं, आकडा तक्त्यावर लिहायचा. तिच्या लेकीची, रत्नप्रभाची, चिठ्ठी तिसरीच निघाली. मागच्या गल्लीतल्या लताच्या राधाची निघालीच नाही. राधा दीड वर्षाची, वजन पावणेसात किलो. ती झोळीत बसली की शकू काट्याशी डोळे नेऊन आकडा वाचायची. काटा चुकत असेल म्हणून दोनदा बघायची. काटा चुकत नव्हता.

लाडू सुरू झाल्याच्या पाचव्या महिन्यात शकूच्या एक गोष्ट ध्यानात आली. लाडू न मिळालेली पोरंही वाढत होती. आधी ती हरखली. मग दोन तक्ते शेजारी ठेवून बघितले. दोन्हीकडचे आकडे जवळजवळ सारखे. असेच राहिले, तर कागदावर उतरणार, की लाडू असला काय, नसला काय, सारखंच. मग लाडू बंद. इथले बंद आणि दुसरीकडचे सुरू व्हायच्या आधीच बंद.

आकडे सारखे का, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वस्तीत शेजारणीचं ताट रिकामं परत जात नाही. लाडू न मिळालेल्या घरातून सुकटीची चटणी यायची, ताट परत जाताना त्यात लाडू जायचा. कुणाला वाटलंच नाही, की आपण काही मोडतोय. रिकामं ताट द्यायला लाज वाटते, एवढंच.

"तू गप्प बस ना," नवरा शिवदास म्हणाला. "आकडे खरे लिहिलेस ना? मग झालं."

"आकडे खरे आहेत हो. पण ते खोटंच सांगतायत."

"आणि बोललीस की बायका तुला नळावर उभं करणार नाहीत. काम जाईल ते वेगळंच. वाट लागेल, शकू."

शनिवारी अनुपमाबाई आल्या. तक्ते उलटले, पुन्हा सुलटे केले. शकू त्यांच्या कपाळाकडेच बघत होती.

"फरक दिसत नाही, शकूताई. असंच राहिलं, तर उपयोग नाही असं लिहावं लागेल."

"बाई, लाडू दोन्हीकडे गेलेत." शकू म्हणाली. "ताटातून. चौदा घरं मला माहीत आहेत."

बाईंनी पेन उघडलं. शकूने घरं सांगितली. सगळ्यात जास्त ताटं सुलक्षणाची निघाली, आणि चोरीचा बोभाटा करणारीही तीच!

"बायकांना ओरडू नका, बाई. त्यांनी काही वाईट नाही केलं."

"चूक आमची. ताटाचं आम्ही विचारलंच नाही." बाईंचं बोट तक्त्यावर एका ओळीशी थांबलं. "आणि ही रत्नप्रभा? रोज दोन लाडू खाऊन दोन महिने एकाच आकड्यावर?"

शकूने झोळीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"पंधरावं घर लिहा," ती म्हणाली. "माझं."

पुढच्या वर्षी चिठ्ठ्या घरांच्या नाही, अख्ख्या वस्त्यांच्या टाकल्या. ताट गल्ली ओलांडतं, मरोळहून कांजूरमार्गला जात नाही. मरोळला शब्द दिल्याप्रमाणे साठही घरांत लाडू आले, पण मरोळचे आकडे मोजणीतून वगळले. शकूच्या हातातून काटा गेला आणि तिला लाडू वळायला बसवलं. तिकडच्या वस्त्यांत फरक दिसला का, हे ती भेटेल त्याला विचारत राहिली.

डब्याचं म्हणाल, तर डब्यात लाडू होता. रोज एक. रत्नप्रभाच्या दोनातला. वजन घेणारीनेच ताट पाठवलेलं दिसू नये, म्हणून शकू तो पदराखाली लपवून न्यायची. तो राधा खायची.