गोदाचं शेवटचं कडवं

"शेवटचं कडवं तेवढं गाळूया गं," मृणालताई म्हणाल्या आणि बाकरवडीची बशी माझ्यापुढे सरकवली. "मूड जातो. आणि ऑडियन्स मिक्स्ड आहे. इथे जन्मलेल्या मुलांसमोर कशाला ते कास्ट-बिस्ट?"

मृणालताई इंग्लंडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सांस्कृतिक सचिव. संगीतात विशारद. शेजारी त्यांचे यजमान श्रीकांतदादा, मंडळाचे अध्यक्ष. मांडीवर लॅपटॉप, त्यात कार्यक्रमाच्या स्लाइड्स. महायुद्धाच्या आठवणींचा कार्यक्रम कौन्सिलने ठेवला होता, आणि प्रत्येक कम्युनिटीकडून काहीतरी मागितलं होतं. मंडळाने माझ्या आजीचं गाणं दिलं. आजीने रचलेलं, आजीने गायलेलं. गाळायच्या कडव्यात तिचं नाव होतं.

"त्यात आजीचं नाव आहे, ताई."

"नावाचं काय एवढं! स्लाइडवर घालू ना."

दादांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. इंटरनेटवरून उचललेली एक गोरीपान बाई. नाकात नथ, खांद्यावर शेला. खाली लिहिलेलं: पारंपरिक मराठी युद्धगीत.

"ही कोण?"

"सिम्बॉलिक आहे गं. तुझ्या आजीचा फोटो तितकासा क्लिअर नाहीये."

आजीचा फोटो लख्ख आहे. काळी बाई, रुंद कपाळ, पायात चाळ. फोटो काढणाऱ्यावर उपकार करत असल्यासारखी उभी आहे. त्या फोटोत न दिसण्यासारखं काही नाही. दिसतं, हीच अडचण होती.

मी नर्स आहे, लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात. माणसाच्या अंगातून जे जे बाहेर पडतं ते या हातांनी पुसलंय आणि नंतर पोटभर जेवलेय. कधी किळस वाटली नाही. त्या दिवशी त्या स्वच्छ क्रीम सोफ्यावर बसून मी बाकरवडीची बशी परत सरकवली.

आजीचं नाव गोदा. फलटणकडच्या एका तमाशाच्या फडात नाचायची, गायची. युद्ध सुरू झालं. सरकारला गावोगाव माणसं भरती करायची होती, आणि माणसं जमवायला तमाशासारखं दुसरं काही नव्हतं. साहेबाने फड ठरवला. बैलगाडीवर उभी राहून आजी गायची आणि खाली पोरं भरतीच्या कागदावर अंगठे उठवायची. छावण्यांमध्ये शिपाई तिच्यासाठी टोप्या उडवायचे. तिची तबकडी निघाली. तबकडीवर नाव छापलं फडमालकाचं. ती विचारायला गेली तर तो हसला. "बाईच्या नावानं कोण इकत घेतंय? त्यात तुझ्या."

मग पोरं मरायला लागली. मिसरमध्ये, ब्रह्मदेशात. तिचं गाणं ऐकून गेलेली पोरं. एका आईने भर बाजारात तिचा पदर धरला. "तू गायलीस म्हणून गेला. आता तूच आण." आजीने त्या दिवसापासून भरतीचं गाणं सोडलं. मालकाने तिला फडातून हाकललं. ज्या शिपायांनी तिच्यावर टोप्या उडवल्या, त्यांच्यातले वाचलेले परत आले ते आपापल्या गावच्या वेशीत शिरून पुन्हा जातीत बसले. महार शिपाई पदकं लावून पाणवठ्याशी उभे, आणि वरून ओंजळीत पाणी ओततोय तो सवर्णांच्या आळीतला पोरगा. आजीने हे पाहिलं आणि नवं गाणं रचलं. सुरुवातीला बोट, समुद्र, शिपायाची मर्दुमकी. शेवटी हे:

रणात गोळी सारखी लागं, गावात पाणी वेगळं
गोदा महारीण गाती, ऐका, मग पुसा डोळं

शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. ती त्याची सही. बाईने नाव गुंफलेलं फार कुणाला खपत नसे. आजीने गुंफलं, जातीसकट. मला शिकवताना म्हणायची, "कागदावरचं नाव कुणीबी पुसतंय. गाण्यातलं पुसायचं तर गाणंच तोडावं लागतंय."

तोडण्याला इथे गाळणं म्हणतात. केवढा सभ्य शब्द!

हे गाणं मृणालताईंना मीच शिकवलं. माझ्या किचनमध्ये त्यांनी फोन पुढे धरला आणि मी गायले. माझी भाषा त्या दुरुस्त करत होत्या. "व्हता नाही गं, होता." मध्येच गोड आवाजात विचारलं, "तुमचं मूळचं आडनाव काय?" तरी मला आनंदच होता. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या आजीला ऐकायला आलं होतं. मला वाटलं, आजीला ऐकतायत. त्यांना फक्त चाल हवी होती.

कार्यक्रम कौन्सिलच्या हॉलमध्ये झाला. गळ्यात पदाची साखळी घातलेल्या मेयरबाई पहिल्या रांगेत. मला बटाटेवड्याच्या टेबलापाशी उभं केलं होतं. "तुझं हायजीन छान असतं," ताई म्हणाल्या होत्या. स्टेजवरच्या पडद्यावर ती गोरी बाई झळकली. दादांनी माइकवर सांगितलं, "ट्रॅडिशनल साँग. पोएट अननोन."

अननोन. जिच्या नातीने तीन फुटांवरून त्यांच्या बशीत वडा वाढला, ती.

मृणालताई पैठणीत गायल्या. सूर चोख, उच्चार शुद्ध. गाणं मर्दुमकीपाशी संपलं. टाळ्या. मेयरबाईंनी डोळे पुसले. ऐकायच्या आधीच पुसले.

माझ्या हातात चिमटा होता. तो खाली ठेवला आणि तिथूनच शेवटचं कडवं सुरू केलं. माइक नाही. आवाज फाटला. गोदा महारीण म्हणताना अजिबात फाटला नाही. मराठी लोकांनी एकदम आपापल्या प्लेटमध्ये पाहिलं. मेयरबाईंनी वळून विचारलं, "What does it mean?" मी इंग्रजीत सगळं सांगितलं. पाणी म्हणजे काय तेही, महारीण म्हणजे काय तेही, आणि पडद्यावरची बाई कोण नाही तेही.

दादांनी माझं कोपर धरलं. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून दातांतून म्हणाले, "घरातलं भांडण बाहेरच्यांसमोर कशाला?"

"दादा, तुमच्या घरात माझी आजी कधी होती?"

त्यांनी कोपर सोडलं. नंतर हात रुमालाला पुसला. वड्याच्या तेलामुळे असेल. असेलही.

दुसऱ्या दिवशी ताईंचा मेसेज आला. "तू इमोशनल झालीस, आम्ही समजू शकतो. कमिटीला एक छोटंसं सॉरी म्हण, गणपतीत तुला सोलो देऊ." माझ्याच आजीचं गाणं मला बक्षीस म्हणून! आठवड्याने मंडळाने व्हिडिओ टाकला. टाळ्यांवर संपणारा, माझं कडवं कापलेला. खाली लोकांचे बदाम आणि 'अभिमान वाटतो मराठी असल्याचा'. कसला अभिमान? मेलेल्या बाईचं गाणं चोरल्याचा? किळस आली. अजून येते. ती जावी असं मला वाटतही नाही.

पण त्या व्हिडिओने मला एक गोष्ट शिकवली. आजीचं गणित इथे चुकलं. शेवटी आलेलं नाव तोडायला एक बोट पुरतं.

इथल्या लायब्ररीने मला गायला बोलावलंय. त्या दिवशी मेयरबाईंबरोबर आलेल्या एका बाईने बोलावलं. मी जाणार आहे. पडद्यावर आजीचा फोटो असेल, चाळांसकट. आणि रीत मोडून मी शेवटचं कडवं पहिलं गाणार आहे. आधी पाणी. आधी गोदा महारीण. बोट, समुद्र, मर्दुमकी सगळं नंतर. ज्याला पहिली ओळ सोसणार नाही, त्याला पुढचं गाणं मिळणार नाही.